खुर्च्या बदलल्या, दिवे बदलले, तरी माणसं निघाली. चुकलं कुठे?

मधलीफळी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. काम कागदपत्रं तपासण्याचं आणि आकडे जुळवण्याचं. वर साहेब, खाली हे चौदाजण, मध्ये मी. आयडी त्यावरूनच घेतलाय.

दीड वर्षापूर्वी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता, 'कामाच्या जागी तुम्हाला काय खटकतं?' उत्तरं अपेक्षेप्रमाणेच आली. खुर्च्यांनी पाठीचा भुगा झालाय, खिडकीजवळच्या दोन टेबलांवर दुपारभर स्क्रीन दिसत नाही, प्रिंटरची गरम हवा एकाच्या थेट तोंडावर येते, कोपऱ्यातली ट्यूब फडफडते. मी हे सगळं मनावर घेतलं. आठ महिने फायलीमागे फिरून मंजुरी आणली. उंची, पाठ, हात सगळं वरखाली होणाऱ्या खुर्च्या आल्या, पडदे लागले, दिवे बदलले, प्रिंटर बाहेर पॅसेजमध्ये गेला.

पहिले दोन महिने काय विचारता! लोक शेजारच्या विभागातल्यांना बोलावून खुर्चीत बसवून दाखवत होते. तिसऱ्या महिन्यापासून पहिले पाढे पंचावन्न. सुटायच्या अर्धा तास आधी पिशव्या भरलेल्या. बैठकीत 'काही सुचवा' म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. आणि गेल्या आठवड्यात दोघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. दोघंही कामाला चोख. त्यातल्या एक बाई तर खुर्चीबद्दल सगळ्यात लांबलचक तक्रार लिहिणाऱ्या! कारण विचारलं तर म्हणाल्या, "विशेष काही नाही सर, बदल हवा होता."

साहेब म्हणतात, एवढा खर्च केला, आता काय सिंहासनं द्यायची? मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे विचारतोय. तुम्ही जिथे काम करता तिथे नेमकं काय असलं की सकाळी निघताना पाय जड होत नाहीत? पुस्तकी उत्तरं नकोत, अनुभव सांगा. (बरं, पुस्तकीही चालतील. झोप उडालीच आहे.)

खुर्चीबहाद्दर | सोमवार, रात्री ९:२०

जुन्या खुर्च्या कुठे टाकल्यात? माझ्या खुर्चीपेक्षा नक्की बऱ्या असतील.

ग्रंथघुबड | सोमवार, रात्री १०:०५

पुस्तकी चालेल म्हणालात, आता भोगा.

तुमची ही गोष्ट फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच लिहून ठेवली आहे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना दोन साधे प्रश्न विचारले. कामावर असताना अगदी छान वाटलं असा प्रसंग सांगा, आणि अगदी वाईट वाटलं असा प्रसंग सांगा. गंमत अशी की दोन्हीची कारणं वेगवेगळी निघाली. वाईट प्रसंगांत नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, जागा यांची रड होती. छान प्रसंगांत मात्र काहीतरी तडीस नेलं, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच मनासारखं होतं, असलं सगळं.

त्याचं म्हणणं असं की नाराजी आणि समाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नाहीतच. तराजूच दोन आहेत. खुर्ची, दिवे, पगार या गोष्टींना तो 'आरोग्य-घटक' म्हणायचा, स्वच्छतेसारखे. गटार तुंबलं तर माणूस आजारी पडतो, पण गटार साफ केलं म्हणून कोणी पहिलवान होत नाही. तुम्ही गटार साफ केलंत. ते करायलाच हवं होतं. पण लोक दंड थोपटतील ही अपेक्षा जरा जास्त झाली.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:४१

घुबडराव, हर्झबर्ग वाचला की सगळे असेच भारावतात, मीही भारावलो होतो. पण त्याच्या पद्धतीतली गोम कोणी सांगत नाही. माणसाला 'चांगला प्रसंग सांग' म्हटलं की तो स्वतःचा पराक्रमच सांगणार, आणि 'वाईट सांग' म्हटलं की साहेबावर ढकलणार. चांगलं झालं ते माझ्यामुळे, बिघडलं ते तुमच्यामुळे. परीक्षेचा निकाल लागल्यावर घरोघरी हेच चालतं, त्यासाठी सिद्धांत कशाला? व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच हा आक्षेप घेतला होता.

आणि पगार म्हणजे 'गटार' हे वाक्य नेहमी पोटभर पगार असलेल्याच्याच तोंडून येतं.

फिटर_नं_२ | मंगळवार, सकाळी ६:५०

शंकासुर यांच्या शेवटच्या वाक्याला +१००.

मी लेथवर असतो. आमच्याकडे 'समाधान' वगैरे नंतर, आधी दहा बोटं शाबूत घरी न्यायची असतात. दोन वर्षं एका मशीनचं गार्ड तुटलेलं होतं, तारेने बांधलेलं. तिथे तुमचा तो छान प्रसंग, वाईट प्रसंग विचारायला कोणी आलं असतं तर त्याच्या हातात तीच तार दिली असती.

तरी धागाकर्त्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. माझ्या मशीनपासून टूलचं कपाट बारा पावलांवर होतं. दर सेटिंगला जा, ये. दिवसातून तीस-चाळीस वेळा. 'कपाट इकडे घ्या' हे मी चार वर्षं सांगत होतो. उत्तर ठरलेलं, 'लेआउट मंजूर आहे.' मग नवीन सुपरवायझर आला. तिसऱ्या दिवशी माझ्यामागे उभा राहून अर्धा तास नुसता बघत होता. मला वाटलं, हा टाइम काढतोय, आता कोटा वाढणार. तर म्हणाला, "तुम्ही इतकं का चालता?" मी सांगितलं. त्याने खिशातून टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, जागा मोजली आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघांनी कपाट ओढून आणलं. दहा मिनिटांचं काम.

पगार तोच, मशीन तेच, गरमी तीच. पण त्या दिवसानंतर मी त्या माणसासाठी दोनदा सुट्टीच्या दिवशी आलो. का आलो ते बायकोला अजून समजावता आलेलं नाही.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:३०

फिटरदादा, टेपचं एक टोक तुमच्या हातात दिलं, तिथेच सगळं आलं बघा.

मी परिचारिका आहे, सतरा वर्षं. खुर्चीचा प्रश्नच नाही, बसायलाच मिळत नाही :) आमचं दुखणं ड्यूटी लिस्टचं. सोमवारपासूनची लिस्ट शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लागायची. मुलाच्या शाळेचा कार्यक्रम, सासऱ्यांचं ऑपरेशन, काहीही असो, शनिवारपर्यंत श्वास रोखून बसायचं. रजा मागितली की 'सगळ्यांनाच अडचणी असतात' हे ऐकायचं.

मग नवीन इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. लिस्ट महिनाभर आधी लावायला सुरुवात केली, आणि आपसात अदलाबदल करायची तर करा, फक्त वहीत दोघींच्या सह्या हव्यात, असं सांगितलं. एकूण रात्रपाळ्या एकीनेही कमी झाल्या नाहीत. पेशंट तेवढेच, माणसं तेवढीच. पण ऐनवेळी 'आजारी आहे' असे येणारे फोन जवळजवळ थांबले. कारण आधी ते फोन आजाराचे नव्हतेच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्रंथघुबड | मंगळवार, दुपारी १:१५

रात्रपाळीताई, तुमची वही फार मोठ्या अभ्यासात बसते. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाचा अभ्यास सुरू झाला, मायकेल मार्मट हे संशोधक त्याच्याशी जोडलेले. समज असा होता की हृदयविकार म्हणजे मोठ्या साहेबांचा, ताणाचा आजार. आकडे उलटे निघाले. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या तिपटीहून अधिक. विडीकाडी, रक्तदाब वगैरे हिशेबातून काढले तरी फरक पुरता मिटेना. पुढे १९८५ मध्ये दहा हजारांवर माणसं घेऊन दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात एक गोष्ट ठळक दिसली: आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांचं हृदय जास्त धोक्यात.

म्हणजे कामाच्या बोज्याइतकंच, लगाम कोणाच्या हातात आहे हेही मोजायला हवं.

हेडफोनवाली | मंगळवार, दुपारी ३:०२

आमच्याकडे 'संवाद वाढावा' म्हणून सगळ्या भिंती पाडल्या. आता ऐंशी माणसं एका हॉलमध्ये. संवाद असा वाढला की शेजारी बसलेली मुलगी मला चॅटवर विचारते, 'बोलू का?'

मी प्रोग्रॅमिंग करते. डोक्यात सात गोष्टी एकावर एक रचलेल्या असतात, कोणी खांद्यावर टकटक केलं की सगळा मनोरा खाली. म्हणून कानांवर ही हेडफोनची झापडं. बऱ्याचदा आत गाणं चालूच नसतं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:३०

यावर तर सेन्सर लावून केलेला अभ्यास आहे, २०१८ चा. दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्याआधी आणि नंतर लोकांच्या गळ्यात यंत्रं अडकवून मोजलं. समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. उघड्यावर बसवलं की माणूस आतून दार लावून घेतो.

कोपऱ्यातली_जागा | मंगळवार, दुपारी ४:१०

भिंती राहू द्या, आधी एसीचं बोला. आमच्याकडे महायुद्ध चालू आहे. अर्धे लोक शाल घेऊन, अर्धे बाह्या वर करून. रिमोट कुलूपबंद कपाटात आणि किल्ली ज्याच्याकडे तो नेहमी बैठकीत.

हेडफोनवाली | मंगळवार, दुपारी ४:१८

आणि शालवाल्या सगळ्या बायका, बरोबर? २०१५ मध्ये एक शोधनिबंध आला होता. इमारतींच्या तापमानाच्या गणितात शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरतात तो १९६०च्या दशकातला, चाळिशीतल्या सत्तर किलोच्या पुरुषावरून घेतलेला. तो काका अजून जगभर रिमोट दाबतोय.

कोपऱ्यातली_जागा | मंगळवार, दुपारी ४:२५

हसून हसून पुरेवाट. किल्ली त्याच काकाकडे आहे!

निवृत्त_नंदी | मंगळवार, रात्री ८:४०

तरुण मंडळींचं वाचून करमणूक झाली. मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी मान हलवण्यात. आयडी उगाच नाही घेतला.

एक प्रसंग सांगतो. एका किचकट प्रकरणावर मी अकरा पानी टिपण लिहिलं होतं. तीन आठवडे दप्तरखान्यातल्या धुळीत बसून. ते वर गेलं, गाजलं. खाली सही साहेबांची. रिवाजच तसा, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचंही कारण नव्हतं. पुढे साहेब बदलले. नव्या साहेबांनी माझं असंच एक टिपण वर पाठवताना समासात पेनाने दोन ओळी लिहिल्या: 'हे काम श्री. अमुक यांचे आहे. काही विचारायचे असल्यास त्यांनाच बोलवावे.' आणि मला खरंच बोलावलं हो! पाच मिनिटं बोललो असेन, तळहात घामाने ओले.

पगारवाढी किती झाल्या त्या आठवत नाहीत. ती समासातली ओळ कोणत्या फायलीत, कोणत्या पानावर आहे ते आजही सांगेन.

फिटर_नं_२ | मंगळवार, रात्री ९:०५

नंदीकाका, मान आहे तुम्हाला. पण पगारवाढी आठवत नाहीत कारण त्या वेळेवर झाल्या. ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांना तारखेनिशी आठवतात.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:३३

फिटर बोलले ते लाख मोलाचं. पगाराबद्दल माझं मत असं की आकड्यापेक्षा शेजाऱ्याचा आकडा जास्त बोचतो.

२००३ मधला माकडांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा. कॅपुचिन माकडं खडा परत द्यायची, बदल्यात काकडीचा तुकडा मिळायचा. सगळं सुरळीत. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. झालं! काकडीवाल्यांनी संप केला. काहींनी खडा द्यायचंच नाकारलं, काहींनी काकडी घेतलीच नाही. कालपर्यंत गोड लागणारी काकडी आज अपमान झाली.

मधलीफळी, तुमच्याकडे द्राक्षं कोण खातंय ते बघा.

खुर्चीबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:४०

मी काकडी. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला आणि मीच शिकवलेला द्राक्ष.

हेडफोनवाली | मंगळवार, रात्री ९:४४

काकडी क्रमांक २ हजर.

कोपऱ्यातली_जागा | मंगळवार, रात्री ९:४७

आमच्याकडे आकडे कोणाला सांगायचे नाहीत असा नियम आहे. त्यामुळे सगळे स्वतःला काकडी समजतात, द्राक्षंसुद्धा.

घरबश्या | बुधवार, सकाळी १०:२०

उशिरा आलो. घरून काम करू देणं हा मुद्दा अजून कसा नाही आला? माझं आयुष्य त्याने बदललं. येण्याजाण्याचे तीन तास वाचले, पोरीचा अभ्यास घेता येतो, आणि कामही जास्त होतं. आमच्या साहेबांना मात्र माणूस डोळ्यांसमोर नसला की तो झोपलाय असंच वाटतं.

शंकासुर | बुधवार, सकाळी ११:०५

घरबश्या, तुमच्या बाजूने पुरावा आहे, पण पूर्ण नाही. चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींनी नऊ महिने प्रयोग केला. स्वखुशीने तयार झालेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखे अर्धे घरी, अर्धे कचेरीत. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण प्रयोग संपल्यावर 'आता तुम्ही ठरवा' म्हटलं तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे परत कचेरीत आले. एकटं वाटत होतं. शिवाय कामाच्या मानाने बढत्याही घरच्यांना कमीच मिळाल्या. डोळ्यांआड ते मनाआड.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:३०

घरून सलाइन लावता आलं असतं तर मीही आनंदाने घरी बसले असते.

ग्रंथघुबड | बुधवार, दुपारी १२:४५

मधलीफळी यांच्या 'दोन महिने छान, मग जैसे थे' यावर एक राहिलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. प्रकाश वाढवला, उत्पादन वाढलं. कमी केला, तरी वाढलं म्हणे. त्यावरून निष्कर्ष निघाला की आपल्याकडे कोणी लक्ष देतंय या जाणिवेनेच माणूस कामाला लागतो. तुमच्याकडेही खुर्चीपेक्षा त्या फॉर्मचा परिणाम दोन महिने टिकला असेल.

शंकासुर | बुधवार, दुपारी १:०२

घुबडराव, ही दंतकथा आहे हो! हरवले समजलेले ते मूळ आकडे लेविट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी शोधून २०११ मध्ये पुन्हा तपासले. दिवे बदलायचे रविवारी. मग सोमवारचं उत्पादन शनिवारशी ताडायचं. आणि सोमवारी उत्पादन तसंही वाढायचंच, दिवे बदला नाहीतर नका बदलू.

त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या प्रसिद्ध प्रयोगात पाच मुली वेगळ्या खोलीत टेलिफोनचे रिले (विजेचे छोटे स्विच) जोडायला बसवल्या होत्या. त्यातल्या दोघी फार बडबड करतात म्हणून १९२८ च्या सुरुवातीला बदलून टाकल्या, आणि मोबदलाही त्या छोट्या गटाच्या कामावर ठरायला लागला होता. आता माणसं बदलायची, पैसे बदलायचे आणि म्हणायचं, 'आपुलकीने उत्पादन वाढलं'!

ग्रंथघुबड | बुधवार, दुपारी १:३०

मान्य, शरण आलो. पण मग हे बघा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा मोटारीचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, संप यांसाठी बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. बहुतांश कामगार तेच, युनियनही तीच. पण आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी. काही चुकतंय असं दिसलं तर साध्या कामगारानेही ती ओढायची, लाइन थांबवायची. आधीच्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे महापाप होतं. गैरहजेरी पार खाली आली.

फिटरचं कपाट, रात्रपाळीताईंची वही आणि ही दोरी मला एकाच जातीची वाटते.

फिटर_नं_२ | बुधवार, संध्याकाळी ६:१५

दोरी आमच्याकडेही बसवली आहे. ओढली की तीन साहेब धावत येतात आणि 'कोणी ओढली' हे आधी विचारतात. आता तिच्यावर फडकी वाळत घालतो.

मधलीफळी | बुधवार, रात्री ९:५०

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे दोनदा वाचले.

शंकासुर, द्राक्षं तपासली. दोघांचा पगार बाकीच्यांच्या बरोबरीने होता, गेली वाढही बरी मिळाली होती. रजेचाही त्रास नाही, मी सहसा अडवत नाही. नंदीकाका, तुमचं वाचून जरा टोचलं. मी कौतुक करतो, पण 'छान, छान' याच्या पुढे गेलोय असं आठवत नाही.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:१०

दादा, एक विचारू? ते दोघं दिवसभर नेमकं करायचे काय? तुम्ही खुर्ची, दिवे, पगार, रजा सगळं सांगितलंत. काम काय होतं ते अजून सांगितलंच नाही.

मधलीफळी | बुधवार, रात्री १०:२४

पडताळणी आहेच. त्याशिवाय ते दोघं साप्ताहिक अहवाल तयार करायचे. चाळीस रकान्यांचा तक्ता, सगळ्या शाखांचे आकडे गोळा करून. गुरुवार पूर्ण आणि शुक्रवारचा अर्धा दिवस त्यातच. किचकट काम, म्हणूनच हुशार माणसांना दिलं होतं. शुक्रवारी दुपारी माझी सही होऊन वर जातो.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:२७

वर म्हणजे कोणाकडे?

निवृत्त_नंदी | बुधवार, रात्री १०:५५

ताईंनी बरोबर नाडी धरली.

हेडफोनवाली | गुरुवार, सकाळी १०:१२

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांचं काम आठवलं. २३८ लोकांकडून रोज कामाची डायरी लिहून घेतली, जवळपास बारा हजार नोंदी. दिवस चांगला जाण्यामागे सगळ्यात जास्त काय दिसलं? ज्या कामाला काही अर्थ आहे त्यात थोडंसं का होईना, पुढे सरकणं. मी मागे एका कंपनीत आठ महिने एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते प्रकाशित व्हायच्या आदल्या आठवड्यात गुंडाळलं. पगार पूर्ण मिळाला. त्यानंतर तीन महिने मी पाट्या टाकल्या. कोणी विचारलं असतं तर मीही खुर्चीचीच तक्रार केली असती. तीच करायला सोपी.

खुर्चीबहाद्दर | गुरुवार, दुपारी २:००

धागाकर्ते गायब. राजीनामा क्रमांक ३?

मधलीफळी | शुक्रवार, रात्री ११:३०

गायब नव्हतो. 'वर म्हणजे कोणाकडे' याचं उत्तर मला येत नव्हतं. ते शोधत होतो.

अहवाल साहेबांकडे जातो. साहेब तो न उघडता मुख्य कचेरीतल्या एका पत्त्यावर पुढे पाठवतात. तो पत्ता एका अधिकाऱ्याचा होता, त्यांनीच हा तक्ता मागवायला सुरुवात केली होती. ते तीन वर्षांपूर्वी बदलून गेले. पत्ता चालू आहे, त्यामागे माणूस नाही.

मग आज दुपारी मी गेल्या सहा महिन्यांचे अहवाल काढून वाचले. पहिल्यांदाच वाचले, हे इथे कबूल करतो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. जूनपर्यंत त्यात नीट शेरे आहेत: अमुक शाखेचे आकडे जुळत नाहीत, तमुक ठिकाणी दोनदा नोंद झाली आहे, चौकशी व्हावी. बारीक, बिनचूक शेरे. एकाचीही चौकशी झालेली नाही. जुलैपासून शेरे तुटक होत गेले. आणि गेले अकरा आठवडे, दर शुक्रवारी, शेवटच्या ओळीत एकच वाक्य आहे:

'हे कोणी वाचत असल्यास कृपया कळवावे.'

त्या बाईंनी लिहिलेलं. अकराही पानांवर त्या वाक्याच्या खाली माझी सही आहे.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:४१

अरे देवा.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:५२

माझे सगळे अभ्यास परत घेतो.

निवृत्त_नंदी | शनिवार, सकाळी ७:०५

झोप लागली नाही वाचून. अशा किती पानांवर माझी सही असेल कोण जाणे. त्या बाईंशी बोललात का?

मधलीफळी | शनिवार, दुपारी १२:२०

हो, काल संध्याकाळीच. छापील कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो, म्हटलं, "वाचलं." त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सर, शेवटचे चार आठवडे तर मी आकडेही मागच्याच आठवड्याचे टाकत होते." नव्या ठिकाणी होकार देऊन झालाय, त्या थांबणार नाहीत. दुसऱ्याने विचार करतो म्हटलंय, पण तेही जातील असं वाटतं.

फिटर_नं_२ | शनिवार, दुपारी १:००

गेलेलं गेलं. अहवालाचं काय? बंद केला का नाही?

मधलीफळी | शनिवार, दुपारी १:३५

साहेबांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "चालू राहू दे, उद्या कोणी मागितला तर?" मी म्हटलं, मागेल त्याला मी स्वतः बसून करून देईन. तीन महिने थांबवून बघायला तयार झालेत, तेही तोंडी. सोमवारी उरलेल्या बाराजणांना घेऊन बसणार आहे. या वेळी फॉर्म नाही. प्रत्येकाने फक्त सांगायचं, मी करतो त्यातलं कोणतं काम थांबवलं तर कोणाच्याही लक्षात येणार नाही. आणि जूनपर्यंतच्या शेऱ्यांतले दोन घोळ खरे निघालेत, ते त्या बाईंच्या नावानिशी वर पाठवतोय. त्या जायच्या आत उत्तर आलं पाहिजे, एवढीच धडपड आहे.

खुर्चीबहाद्दर | शनिवार, दुपारी १:५०

माझ्या पहिल्याच प्रश्नाला मात्र अजून कोणी उत्तर दिलं नाही. जुन्या खुर्च्या?

मधलीफळी | शनिवार, दुपारी २:०४

गोदामात. मोडीत काढायला साहेबांची सही लागते, आणि त्या कागदावर ती गेले पाच महिने झालेली नाही.